एक गाथा, अनेक भाषा : बौद्ध ग्रंथाचा तौलनिक अभ्यास कसा करावा

बौद्ध विद्येत पदव्युत्तर प्रबंध किंवा पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती भाषांच्या संख्येची. बुद्धवचन पालीत आहे, संस्कृतात आहे, गांधारी प्राकृतात (प्राचीन वायव्य भारतातील बोलीत) आहे, चिनी आणि तिबेटी भाषांतरांत आहे. शिवाय या सगळ्यावरचे आधुनिक लेखन इंग्रजी, जर्मन, फ्रेंच आणि जपानी भाषांत विखुरलेले आहे. या साऱ्या भाषा आधी शिकून घ्याव्यात आणि मग संशोधनाला हात घालावा, असे ठरवणारे बहुतेक जण प्रमाणपत्रांच्या वर्गांतच अडकून पडतात. या लेखात सुचवलेला मार्ग उलट आहे. आधी एक छोटा ग्रंथ निवडावा, त्यातील एक प्रकरण घ्यावे, त्यातील एकेक गाथा समोर ठेवावी, आणि ती गाथा जेवढी भाषा मागेल तेवढी भाषा त्या कामासाठी शिकत जावी.

ही वाट पुण्याला नवी नाही. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी श्रीलंकेत जाऊन पाली शिकले, पुढे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली आणि हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्ग या बुद्धघोषांच्या पाली साधनाग्रंथाच्या संपादनावर काम केले. ती आवृत्ती त्यांच्या निधनानंतर १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी एकच मर्यादित प्रश्न धरला : विसुद्धिमग्ग आणि त्याच विषयावरचा विमुत्तिमग्ग यांचा परस्परसंबंध काय? विमुत्तिमग्गाचे संपूर्ण मूळ हाती नव्हते, पण इ.स. ५१५ मध्ये संघपालाने केलेले त्याचे चिनी भाषांतर उपलब्ध होते. त्याच्या आधारे बापटांनी केलेला तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. वा. वि. गोखले यांनीही संस्कृत, तिबेटी आणि चिनी यांची सांगड घालून काम केले आणि अभिधर्मकोश या वसुबंधूंच्या तत्त्वज्ञानविषयक ग्रंथाच्या मूळ कारिका (सूत्ररूप श्लोक) १९४६ मध्ये प्रकाशात आणल्या. या तिघांच्या कामात चिकाटी आहेच, पण त्याहून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी प्रश्नाला घातलेली मर्यादा.

ग्रंथ कसा निवडावा

तौलनिक अभ्यासासाठी ग्रंथ निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्याची किमान तीन भाषांतील रूपे छापील आणि विश्वसनीय आवृत्तीत मिळायला हवीत, ग्रंथ लहान भागांत तोडता यायला हवा, आणि त्यावर एखादी प्राचीन अट्ठकथा (पाली भाष्य) किंवा टीका असायला हवी. या कसोटीला सर्वांत चांगला उतरणारा ग्रंथ म्हणजे धम्मपद. तो फार परिचित आहे म्हणून विद्यार्थी त्याच्याकडे पाठ फिरवतात आणि एखादा अप्रकाशित, दुर्मीळ ग्रंथ शोधत बसतात. संशोधनाचे नावीन्य ग्रंथाच्या दुर्मीळपणात असते, हा समज विद्यापीठांत इतका रुजला आहे की तो मोडायला मार्गदर्शकालाच पुढाकार घ्यावा लागतो.

धम्मपदाची उपलब्ध रूपे पाहिली म्हणजे हा ग्रंथ किती मोठे क्षेत्र उघडून देतो, ते कळते. पाली धम्मपदात २६ वग्ग (प्रकरणे) आणि ४२३ गाथा आहेत. कोपनहेगनमध्ये फाउसबोल यांनी १८५५ मध्ये ते लॅटिन भाषांतरासह संपादित केले. खोतानजवळ १८९२ मध्ये भूर्जपत्रावर खरोष्ठी लिपीत लिहिलेले गांधारी धर्मपद हाती आले; त्याचे भाग पॅरिस आणि सेंट पीटर्सबर्ग येथे विभागले गेले आणि जॉन ब्रॉ यांनी १९६२ मध्ये त्याची प्रमाण आवृत्ती काढली. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटात छायाचित्रित केलेल्या ताडपत्री पोथीतील रूप, तिची छायाचित्रे पाटण्यात असल्यामुळे, पाटणा धर्मपद म्हणून ओळखले जाते. त्यात २२ वर्ग आहेत आणि मार्गारेट कोन यांनी १९८९ मध्ये त्याचा वापरण्यास सोयीचा पाठ प्रसिद्ध केला. धम्मपदाचे संस्कृत प्रतिरूप असलेल्या उदानवर्गात ३३ वर्ग आहेत. मध्य आशियातील हस्तलिखितांच्या तुकड्यांवरून बर्नहार्ड यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १९६५ मध्ये निघाली. उदानवर्गाचे तिबेटी भाषांतर आहे आणि चिनी त्रिपिटकात या परंपरेचे चार ग्रंथ आहेत. त्यांतील सर्वांत जुने भाषांतर इ.स. २२४ मध्ये वूचांग येथे झाले.

धम्मपद नको असेल तर सुत्तनिपातातील अट्ठकवग्ग घ्यावा. त्याच्या चिनी प्रतिरूपाचे काम बापटांनीच केलेले आहे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तही योग्य आहे, मात्र त्याचा पसारा पदव्युत्तर प्रबंधाला झेपणारा नाही.

भाषा : कोणती आधी आणि किती

पहिली भाषा पाली. मराठी विद्यार्थ्याला तिच्यासाठी वेगळी लिपी शिकावी लागत नाही, कारण देवनागरीत छापलेले संपूर्ण तिपिटक दोन ठिकाणांहून मिळते : भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदेहून निघालेली आवृत्ती आणि इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छापलेली छट्ठ संगायनाची, म्हणजे सहाव्या धर्मसंगीतीत ठरलेल्या पाठाची, आवृत्ती. दुसरीचा मजकूर संगणकावर विनामूल्य उपलब्ध असून तो शोधता येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ आणि नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ येथे पालीच्या अध्यापनाची सोय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबरच पाली आणि प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाची पुस्तिका मागवून त्यात मूळ संहितेचे वाचन किती आणि इतिहास-तत्त्वज्ञानाचे व्याख्यान किती, हे तपासावे. संहितावाचन दोन सत्रांपेक्षा कमी असेल तर उरलेले वाचन बाहेर, एखाद्या अभ्यासगटात, भरून काढावे लागेल हे गृहीत धरावे.

पाली मराठीच्या जवळची वाटते आणि हीच तिच्यातील फसगत आहे. ओळखीचा शब्द दिसला की विद्यार्थी वाक्यरचना न सोडवताच अर्थ लावतो. पहिल्या वर्षी प्रत्येक पदाची विभक्ती, लिंग, वचन, क्रियापदाचा काळ आणि समासाचा विग्रह वहीत लिहून काढण्याची शिस्त लावून घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. कोशासाठी ऱ्हिस डेव्हिड्स आणि श्टेडे यांचा पाली टेक्स्ट सोसायटीचा कोश सुरुवातीला पुरेसा आहे. मार्गारेट कोन यांच्या नव्या कोशाचे जेवढे भाग निघाले आहेत तेवढ्या वर्णांपुरता तो आधी उघडावा.

दुसरी भाषा संस्कृत. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना पाणिनीय शिस्तीचा एक पूर्वग्रह सोडावा लागतो. बौद्ध संस्कृतातील रूपे अशुद्ध म्हणून झटकून टाकायची नसतात, कारण त्यांच्या मागे मध्य भारतीय भाषांचा थर असतो. या थरासाठी एजर्टन यांचे १९५३ चे बौद्ध संकर संस्कृताचे व्याकरण आणि कोश हाताशी लागतात. गांधारीसाठी वेगळा अभ्यासक्रम शोधण्याची गरज नाही. पाली आणि संस्कृत दोन्ही नीट येत असतील तर ब्रॉ यांच्या प्रस्तावनेतील ध्वनिबदलांचे विवेचन लक्षपूर्वक वाचून धर्मपदापुरती गांधारी वाचता येते.

तिसरी भाषा तिबेटी किंवा चिनी यांपैकी एकच निवडावी. तिबेटी लिपी भारतीय लिप्यांवरूनच घडलेली असल्याने तिची वर्णव्यवस्था आपल्याला परकी वाटत नाही. शिवाय नवव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या महाव्युत्पत्ती या संस्कृत-तिबेटी पारिभाषिक कोशामुळे बौद्ध ग्रंथांची भाषांतरे बरीच एकसारखी झालेली आहेत, आणि तिबेटी शब्दावरून मूळ संस्कृत शब्दाचा अंदाज बांधणे पुष्कळदा शक्य होते. भारतात राहून तिबेटी शिकायची तर सारनाथची केंद्रीय उच्च तिबेटी शिक्षण संस्था आणि धरमशाळेचे तिबेटी ग्रंथालय ही दोन उत्तम ठिकाणे आहेत. चिनीची गोष्ट वेगळी आहे. आधुनिक चिनी संभाषणाचा वर्ग केल्याने तिसऱ्या शतकातील भाषांतर वाचता येत नाही. त्यासाठी अभिजात चिनी स्वतंत्रपणे शिकावी लागते, आणि ती शिकवणारी जागा भारतात क्वचितच सापडते. शांतिनिकेतनचे चीन भवन १९३७ पासून आहे, त्याची चौकशी अवश्य करावी. मात्र चिनी निवडणाऱ्याने जपानीचाही विचार आधीच करून ठेवावा, कारण चिनी त्रिपिटकावरील संशोधनाचा फार मोठा भाग जपानीत आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जपानी शिकता येते.

एक स्पष्ट मत येथे नोंदवतो. पदव्युत्तर प्रबंधासाठी पाली आणि संस्कृत पक्की करून चिनी व तिबेटी रूपे प्रमाणित इंग्रजी भाषांतरांवरून वापरली तर त्यात कमीपणा नाही, फक्त तसे प्रस्तावनेत लिहिले पाहिजे. धम्मपदाच्या सर्वांत जुन्या चिनी रूपाचे भिक्षू धम्मज्योती यांनी केलेले इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे, तर तिबेटी उदानवर्गाचे रॉकहिल यांचे इंग्रजी भाषांतर १८८३ इतके जुने असल्याने ते जपून वापरावे लागते. पीएच.डी.साठी मात्र ही सवलत घेऊ नये.

साहित्य जमवणे

संगणकावर मिळणारा मजकूर शोधण्यासाठी आहे, उद्धृत करण्यासाठी नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. पालीसाठी इगतपुरीचा मजकूर, समांतर सुत्तांचा शोध घेण्यासाठी सुत्तसेंट्रल, संस्कृतासाठी गोटिंगेनचा ग्रेटिल संग्रह, चिनीसाठी तैवानचा सीबेटा आणि तोक्यो विद्यापीठाचा सॅट, तिबेटीसाठी बुद्धिस्ट डिजिटल रिसोर्स सेंटर ही संकेतस्थळे पुरेशी आहेत. पण प्रबंधात जाणारी प्रत्येक ओळ छापील आवृत्तीशी अक्षरशः पडताळावी. पाली धम्मपदासाठी फोन हिन्युबर आणि नॉर्मन यांची १९९४ ची आवृत्ती घ्यावी. तिच्या तळटीपांतील पाठभेद संगणकावरील साध्या मजकुरात येत नाहीत आणि नेमके तेच आपल्याला हवे असतात.

पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, डेक्कन कॉलेज आणि विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय या तीन ठिकाणी मिळून बहुतेक छापील साहित्य सापडते. ग्रंथालयात जाताना हव्या असलेल्या आवृत्तीचे संपादक, वर्ष आणि ग्रंथमालेचा क्रमांक अशी यादी बरोबर न्यावी. या विषयातील अनेक पुस्तके लेखकाच्या नावाने सूचीत सापडत नाहीत, पण मालेच्या क्रमांकाने हमखास सापडतात, हा अनुभव इथल्या प्रत्येक जुन्या वाचकाचा आहे.

चिनी ग्रंथाचा संदर्भ देण्याची एक ठरलेली रीत आहे आणि ती न पाळल्यास परीक्षकाला ओळ सापडत नाही. चिनी ग्रंथांची प्रमाण आवृत्ती असलेले तैशो त्रिपिटक १९२४ ते १९३४ या काळात जपानमध्ये छापले गेले. त्याचा संदर्भ खंड, ग्रंथक्रमांक, पृष्ठ, पृष्ठावरील तीन आडव्या पट्ट्यांपैकी पट्टी आणि ओळ या क्रमाने देतात. धम्मपदाचे सर्वांत जुने चिनी रूप चौथ्या खंडात, २१० या क्रमांकाने आहे.

तक्ता मांडणे

प्रत्येक गाथेसाठी एक स्वतंत्र पान करावे. डावीकडे पाली गाथा चरणशः तोडून लिहावी आणि त्याच्या समोर पाटणा, गांधारी, संस्कृत, तिबेटी, चिनी ही रूपे त्याच चरणांच्या रांगेत बसवावीत. भारतीय भाषांतील सर्व रूपे देवनागरीत लिहावीत. गांधारीतील काही ध्वनींसाठी देवनागरीत चिन्हे नाहीत, तेथे ब्रॉ यांची रोमन खूण वेगळ्या स्तंभात जशीच्या तशी नोंदवावी. तिबेटी आणि चिनी मूळ लिपीत ठेवून खाली मराठी शब्दार्थ द्यावा. तिबेटी-चिनी लेखन देवनागरीत उतरवण्याचा उत्साह टाळावा, कारण त्यातून उच्चारही नीट कळत नाही आणि मूळही हरवते.

पानाच्या माथ्यावर त्या गाथेचे प्रत्येक ग्रंथातील स्थान लिहावे. हे यांत्रिक वाटते, पण यातूनच बरेच काही हाती लागते. उदाहरणार्थ, पाली धम्मपदाची पहिली गाथा पाटणा धर्मपदातही पहिलीच आहे. ब्रॉ यांच्या गांधारी आवृत्तीत तिचा क्रमांक २०१ आहे, उदानवर्गात ती ३१व्या म्हणजे चित्तवर्गात २३वी आहे, आणि चिनी रूपात ती नवव्या प्रकरणाच्या आरंभी येते. चिनी रूपात एकूण ३९ प्रकरणे आहेत आणि नवव्यापासून पस्तिसाव्यापर्यंतची प्रकरणे, तेहतिसावे वगळता, पालीच्या २६ वग्गांच्या क्रमाने जातात. म्हणजे त्या भाषांतरकारांच्या हाती पालीच्या धर्तीचा २६ प्रकरणांचा ग्रंथ होता आणि त्यात दुसऱ्या साधनांतून १३ प्रकरणांची भर पडली. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेतही हीच हकीकत सांगितलेली आहे. ती प्रस्तावना विद्यार्थ्याने भाषांतरातून तरी वाचावीच, कारण भाषांतर सुंदर असावे की साधे आणि अर्थाला धरून असावे, यावर त्या काळी झालेला वाद तिच्यात नोंदलेला आहे आणि भाषांतराच्या सिद्धान्ताचा चिनी इतिहास अनेकदा तिच्यापासून सुरू केला जातो.

प्रत्यक्ष वाचन : पहिली गाथा

पाली गाथा अशी आहे :

मनोपुब्बङ्गमा धम्मा मनोसेट्ठा मनोमया ।
मनसा चे पदुट्ठेन भासति वा करोति वा ।
ततो नं दुक्खमन्वेति चक्कंव वहतो पदं ॥

अर्थ असा : धर्मांच्या पुढे मन चालते, मन त्यांत श्रेष्ठ, ते मनोमय; दुष्ट मनाने कोणी बोलला किंवा वागला तर, गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक जावे तसे, दुःख त्याच्या मागे जाते.

उदानवर्गातील संस्कृत रूप असे :

मनःपूर्वङ्गमा धर्मा मनःश्रेष्ठा मनोजवाः ।
मनसा हि प्रदुष्टेन भाषते वा करोति वा ।
ततस्तं दुःखमन्वेति चक्रं वा वहतः पदम् ॥

तक्त्यात या ओळी समोरासमोर आल्या की पहिल्याच ओळीच्या शेवटी फरक दिसतो. पालीत ‘मनोमया’ (मनाने घडलेले) आहे, संस्कृतात ‘मनोजवाः’ (मनासारखे वेगवान). गांधारी आणि पाटणा या दोन्ही रूपांतही ‘मनोजव’ हाच पाठ आहे. म्हणजे चार भारतीय रूपांपैकी तीन एका बाजूला आणि पाली एकटी दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती आहे. अशा जागी विद्यार्थी घाईने लिहितो की बहुमतामुळे ‘मनोजव’ मूळचा आणि पाली पाठ नंतरचा. हा निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल, पण तो बहुमताने सिद्ध होत नाही. तिन्ही रूपे उत्तर भारतातील एकाच शाखेतून आली असतील तर ती तीन साक्षी नसून एकच साक्ष ठरते. साक्षी मोजायच्या नसतात, त्यांचे परस्परनाते पाहून त्यांचे वजन ठरवायचे असते.

म्हणून पुढील क्रमाने तपासणी करावी. आधी वृत्त पाहावे. गाथा आठ अक्षरांच्या चरणांच्या अनुष्टुभात आहे. ‘मनोमया’ आणि ‘मनोजवा’ या दोन्हींची मांडणी लघु-गुरु-लघु-गुरु अशीच होते, त्यामुळे वृत्त येथे काहीही निर्णय देत नाही. तसे असले तरी ही नोंद प्रबंधात करावी, कारण इतर गाथांत वृत्तच निर्णायक ठरते आणि वाचकाला कळले पाहिजे की ती तपासणी झालेली आहे. मग लिपी पाहावी : एका लिपीत ‘म’ आणि ‘ज’ किंवा ‘य’ आणि ‘व’ यांची अक्षररूपे जवळची असल्याने लेखनिकाची चूक झाली असेल का? दोन अक्षरे एकाच वेळी चुकावी लागतात, म्हणून केवळ लेखनदोषाचे स्पष्टीकरण कमकुवत राहते. मग अट्ठकथा उघडावी. धम्मपदट्ठकथा ‘मनोमया’ हाच पाठ घेऊन त्याचे विवरण करते आणि लाकडापासून झालेल्या वस्तूंना ‘दारुमय’ म्हणतात तसे मनापासून निष्पन्न झालेले ते मनोमय, असे सांगते. म्हणजे ही अट्ठकथा आजच्या रूपात सिद्ध झाली तेव्हा थेरवाद परंपरेत, म्हणजे पाली ग्रंथ जपणाऱ्या बौद्ध संप्रदायात, हा पाठ स्थिर होता. पाठ त्याहून किती जुना, हे मात्र अट्ठकथेवरून कळत नाही.

शेवटी चिनी रूपाकडे जावे. ते चार-चार अक्षरांच्या सहा ओळींचे आहे आणि त्याचा शब्दशः आशय असा : मन हे धर्मांचे मूळ, मन श्रेष्ठ, मन प्रेरक, मनात दुष्ट विचार आला की लगेच बोलणे, लगेच करणे, पापाचे दुःख आपोआप मागे येते, जशी गाडी चाकोरीवरून जाते. येथे ‘प्रेरक’ असा अर्थ दिलेले अक्षर पाठवणे, कामाला लावणे या अर्थाचे आहे. ते ‘जव’ या वेगवाचक शब्दासाठी आले आहे असे म्हणता येते, आणि भाषांतरकाराने आपल्या समजुतीने योजलेले आहे असेही म्हणता येते. चार अक्षरांच्या ओळीत बसवण्यासाठी भाषांतरकाराने किती सूट घेतली हे ठरवता येत नाही तोवर चिनी रूपाला या वादात साक्षीला उभे करू नये. याच गाथेची नंतरच्या चिनी भाषांतरातील ओळ जवळजवळ तीच आहे. नवे भाषांतरकार जुन्याच ओळी उचलत असत, त्यामुळे तिलाही स्वतंत्र साक्ष मानता येत नाही.

दुसऱ्या ओळीत पालीत ‘चे’, संस्कृत आणि गांधारीत ‘हि’ आणि पाटणा रूपात ‘च’ असे निपात (अव्यये) आहेत. फरक छोटा आहे, पण वाक्याचा प्रकार बदलतो : पालीत अट आहे, संस्कृतात विधान आहे. तिसऱ्या ओळीत गांधारी रूपाच्या शेवटी ‘पथि’ येते, तेथे बैलाच्या पावलाऐवजी वाट दिसते, आणि चिनीतील चाकोरी या वाटेशी जुळते. तिबेटी रूप उदानवर्गाचेच भाषांतर असल्याने संस्कृत तुकड्यांत जेथे अक्षरे गळाली आहेत तेथे त्याचा मोठा उपयोग होतो; स्वतंत्र परंपरा म्हणून त्याची गणना करू नये.

एका गाथेचे काम नीट केल्यास एक आठवडा जातो. पुढे वेग वाढतो, तरीही पदव्युत्तर प्रबंधासाठी एका वग्गापेक्षा जास्त भाग घेऊ नये. यमकवग्गात, म्हणजे पहिल्या वग्गात, २० गाथा आहेत आणि त्या पुरतात.

संप्रदाय आणि ‘मूळ बुद्धवचन’

पाली रूप थेरवादाचे आणि उदानवर्ग सर्वास्तिवादाचा, हे सामान्यतः मान्य आहे. गांधारी रूप धर्मगुप्तकांचे असावे असे अनेक विद्वान मानतात, पाटणा रूपाबाबत सांमितीय संप्रदायाचे नाव पुढे आलेले आहे. ही नावे प्रबंधात लिहिताना प्रत्येकाच्या पुढे निश्चिततेची पातळी नोंदवावी. नकाशावर रंग भरल्यासारखे ‘हा पाठ या पंथाचा’ असे लिहीत गेले की पाठभेदाचे कारण तत्त्वज्ञानात शोधण्याचा मोह होतो, आणि बहुतेक पाठभेदांना तसले कारण नसते.

आपल्याकडे बौद्ध ग्रंथांचा अभ्यास हा श्रद्धेचाही विषय आहे, आणि १९५६ नंतरच्या महाराष्ट्रात तो सामाजिक आत्मभानाचा विषय आहे. त्यामुळे ‘बुद्धांनी नेमके काय म्हटले’ हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात सतत असणे स्वाभाविक आहे. तौलनिक पद्धत त्या प्रश्नाचे थेट उत्तर देत नाही. ती एवढेच दाखवते की एखादी गाथा अमुक शतकात अमुक प्रदेशात कोणत्या रूपात म्हटली जात होती, आणि सर्व रूपांत समान असलेला भाग बराच जुना असावा. हे बंधन मार्गदर्शकाने पहिल्या बैठकीतच समजावून सांगावे. तोंडी परीक्षेच्या दिवशी ते पहिल्यांदा कळणे विद्यार्थ्यावर अन्याय करणारे आहे.

तत्त्वज्ञानाकडे कसे वळावे

पाठ निश्चित केल्यावरच अर्थाची चर्चा सुरू करावी. वरील गाथेवरून ‘सर्व जग मनाचेच आहे’ असा विज्ञानवादी, म्हणजे केवळ चित्तालाच सत्य मानणाऱ्या बौद्ध दर्शनाचा, निष्कर्ष काढणारे लेख पुष्कळ सापडतात. अट्ठकथा मात्र येथील ‘धम्मा’ या शब्दाचा अर्थ वेदना, संज्ञा आणि संस्कार या तीन अरूपी स्कंधांपुरता मर्यादित ठेवते आणि मन त्यांच्या उत्पत्तीला अग्रगामी आहे, एवढेच म्हणते. त्यात बाह्य जगाच्या अस्तित्वावर कोणतेही विधान नाही. गाथेचा उर्वरित भागही कर्म आणि त्याचे फळ यांविषयी आहे. विद्यार्थ्याने आधी अट्ठकथेचा अर्थ तिच्याच शब्दांत मांडावा, मग ‘मनोजव’ पाठ घेतल्यास युक्तिवाद कसा बदलतो ते तपासावे, आणि सर्वांत शेवटी वसुबंधूंसारख्या नंतरच्या आचार्यांशी तुलना करावी. हा क्रम उलटा झाला की नंतरच्या दर्शनातील सिद्धान्त आधीच्या गाथेत वाचले जातात.

अट्ठकथेतील कथांबद्दलही थोडी सावधगिरी हवी. पहिल्या गाथेला चक्षुपाल थेराची कथा जोडलेली आहे. ती कथा गाथेचा प्रसंग म्हणून स्वीकारण्याऐवजी गाथेची थेरवाद परंपरेतील एक व्याख्या म्हणून वाचावी.

मराठीत लिहिणे

प्रबंध मराठीत लिहायचा असेल तर पारिभाषिक संज्ञांचा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा आणि शेवटपर्यंत पाळावा. पाली ग्रंथाची चर्चा चालू असताना धम्म, संस्कृत ग्रंथाची असताना धर्म, असे दोन्ही शब्द वापरणे सर्वांत स्वच्छ ठरते. पाठभेद दाखवताना मूळ रूप अवतरणचिन्हांत द्यावे आणि मराठी अर्थ वेगळ्या वाक्यात सांगावा. कोसंबींच्या मराठी लेखनाचा येथे आदर्श म्हणून उपयोग होतो; त्यांची वाक्ये सरळ आहेत आणि अनोळखी संज्ञा आली की ते थांबून ती उलगडतात.

भाषांतर तीन टप्प्यांत करावे. पहिले विभक्तीनिहाय शब्दशः, जे केवळ परिशिष्टात जाईल. दुसरे गद्य आणि अन्वयानुसार, जे मुख्य भागात येईल. आणि तिसरे, वाटल्यास, पद्य. पद्य भाषांतराच्या आधारे युक्तिवाद कधीही करू नये.

वर्गात शिकवताना

हीच पद्धत अध्यापनातही चालते. आठवड्यातून एकदा दोन तासांची वाचनबैठक ठेवावी, तिच्यात पाच ते आठ विद्यार्थी असावेत, आणि दर वेळी एकाने गाथेचे पान तयार करून आधी वाटावे. बैठकीत त्याने मोठ्याने गाथा म्हणावी, मग प्रत्येक पद सोडवावे, आणि शिक्षकाने शक्य तितके गप्प बसावे. विद्यार्थ्यांपैकी एकाला तिबेटी येत असेल, दुसऱ्याला जपानी, तर त्यांच्यात काम वाटून द्यावे. एकाच व्यक्तीने सर्व भाषा जाणाव्यात ही अपेक्षा सोडली की विभाग लहान असला तरी तौलनिक काम होऊ शकते. बापटांनी समन्तपासादिका या विनयपिटकावरील अट्ठकथेच्या चिनी रूपाचे भाषांतर हिराकावा अकिरा यांच्या सहकार्याने केले आणि १९७० मध्ये ते भांडारकर संस्थेतून प्रसिद्ध झाले, हे या संदर्भात विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

प्रबंध सादर करण्यापूर्वी

सर्व तक्ते परिशिष्टात द्यावेत आणि प्रत्येक ओळीसमोर आवृत्तीचे पृष्ठ नोंदवावे. कोणती रूपे मूळ भाषेतून वाचली आणि कोणती भाषांतरावरून, हे प्रस्तावनेच्या पहिल्या दोन पानांत यावे. तपासणीसाठी एखादा सहाध्यायी निवडून त्याला यादृच्छिक पाच गाथांची पाने द्यावीत आणि छापील आवृत्तीशी ताडून पाहायला सांगावे. त्यात दोनपेक्षा जास्त चुका निघाल्या तर सर्व पाने पुन्हा ताडावीत. टंकलेखनात अनुस्वार आणि परसवर्ण यांची सरमिसळ सर्वाधिक होते. छापील आवृत्तीत ‘पुब्बङ्गमा’ असेल तर ‘पुब्बंगमा’ लिहू नये, आणि ‘चक्कंव’ हे जोडून लिहिलेले असेल तर ते आपल्या मनाने तोडू नये.